ओव्हनची सफाई: जहाल स्प्रे कधी, खायचा सोडा कधी

पनीर टिक्क्याचं मसालेदार दही ठिबकतं, केकचं मिश्रण साच्याबाहेर येतं, पिझ्झावरचं चीज वितळून तळाशी गळतं. दोन-तीन महिन्यांत ओव्हनच्या भिंतींवर असा काही तपकिरी-काळा थर बसतो की भांड्याचा साबण त्याच्यापुढे हात टेकतो. मग ऑनलाइन ओव्हन क्लीनरचा स्प्रे मागवला जातो. तो फवारल्यावर थर सुटतो खरा, पण सोबत घसा चुरचुरतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि पुष्कळदा ओव्हनचा पत्राही काळवंडतो. मग दोष क्लीनरला दिला जातो. प्रत्यक्षात चूक त्याआधीच झालेली असते: ओव्हन कशाचा बनलाय हे कोणी पाहिलेलं नसतं.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ओव्हन म्हणजे ओट्यावरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) किंवा मायक्रोवेव्ह. ओटीजीला जहाल क्लीनरची गरज क्वचितच पडते आणि मायक्रोवेव्हला कधीच नाही. इनॅमलचा मोठा, भिंतीत बसवलेला ओव्हन असेल, तर विचार करायला जागा आहे. म्हणून सौम्य उपाय आधी सांगितले आहेत आणि स्प्रेची पद्धत नंतर. आधीचं करून पाहिल्याशिवाय नंतरच्याकडे जाऊ नका.

थर इतका घट्ट का बसतो

शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, कुठलंही तेल पातळ थरात खूप तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाखेसारखा कडक पापुद्रा तयार होतो. बिडाचा तवा तेल लावून तापवून वापरात आणताना हेच होतं. तिथे ते हवंसं असतं, ओव्हनच्या भिंतीवर नको असतं. त्यावर साखर करपली, मसाला जळला की थर काळा होतो आणि दर वेळी ओव्हन तापला की आणखी पक्का होतो. त्यामुळे आजचा डाग आज पुसायला पाच मिनिटं लागतात आणि सहा महिन्यांनी त्यालाच एक रात्र द्यावी लागते.

तेलावर खरा उतारा क्षाराचा. तीव्र क्षार आणि तेल एकत्र आले की साबण तयार होतो, आणि साबण पाण्याने निघून जातो. खेड्यात खरकटी, तेलकट भांडी राखेने आणि काथ्याने घासत त्यामागे थोडंफार हेच आहे. राखेतला पाण्यात विरघळणारा क्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. ओव्हन क्लीनरमध्ये त्याच कुळातला फार जहाल सदस्य असतो: कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ८.३, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा ११ च्या आसपास, आणि कॉस्टिकच्या क्लीनरचा १३ ते १४. प्रत्येक अंकामागे क्षारता दहापट वाढते, हे लक्षात घेतलं की या तिघांमधलं अंतर किती मोठं आहे ते कळतं.

सफाईच्या धंद्यात एक जुना हिशेब आहे: रसायन, उष्णता, वेळ आणि घासणं या चारांपैकी एक कमी केलं तर बाकीच्यांनी ती कसर भरून काढायची. घरात रसायनाची तीव्रता कमी करून वेळ वाढवणं सगळ्यांत परवडतं. रात्री लेप लावून झोपायला कष्ट पडत नाहीत.

आधी पत्रा ओळखा

ओव्हन पूर्ण थंड करून, प्लग काढून, आत टॉर्च मारून बघा.

काचेसारखा गुळगुळीत, गडद राखाडी किंवा काळा, पुष्कळदा बारीक ठिपक्यांचा पृष्ठभाग म्हणजे इनॅमल. मोठ्या ओव्हनमध्ये बहुधा हेच असतं. कॉस्टिक सहन करणारा हा जवळपास एकटाच प्रकार. पण इनॅमलचा टवका उडाला असेल, तर आतलं लोखंड उघडं पडलेलं असतं आणि तिथून गंज पसरतो.

मंद चंदेरी, चकाकी नसलेला पत्रा, आणि त्याला लोहचुंबक चिकटतो: हा बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा. बर्फाच्या स्फटिकासारखी नक्षी दिसत असेल, तर तो जस्ताचा मुलामा असलेला, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पत्र्याच्या जातीचा. ओटीजीमध्ये हे दोन्ही सर्रास सापडतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातो आणि जस्तालाही, आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. फवारल्यावर पत्र्यावर बुडबुडे येताना दिसले तर क्लीनर मळ काढत नाहीये, मुलामा काढतोय. एकदा मुलामा गेला की तो पत्रा गंजणारच.

आरशासारखं चकाकणारं स्टेनलेस स्टील बरंच टिकाऊ असतं, पण तारेच्या घासणीने त्यावर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्याच ओरखड्यांत जाऊन बसतो. नॉनस्टिक लेप असेल, तर फक्त साबण आणि मऊ स्पंज.

खरखरीत, सच्छिद्र, मातकट दिसणाऱ्या भिंती काही मोठ्या ओव्हनमध्ये असतात. ते कॅटॅलिटिक अस्तर. तेल शोषून तापमानाने जाळून टाकणं हे त्याचं काम. त्याला क्लीनर, सोडा, घासणी काहीही लावलं की छिद्रं बुजतात आणि अस्तर निकामी होतं. त्याच्यावर हात न चालवणं हीच त्याची देखभाल.

ओटीजीबरोबर आलेला ट्रे पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो. भिंती कोणत्याही असोत, त्या ट्रेला कॉस्टिक आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य.

खायच्या सोड्याचा लेप

हा उपाय इनॅमल आणि स्टेनलेस स्टीलसाठी उत्तम, मुलाम्याच्या पत्र्यासाठी जपून. २८ ते ३५ लिटरच्या ओटीजीला अर्धा कप, म्हणजे साधारण ११० ग्रॅम सोडा पुरतो. मोठ्या ६०-७० लिटरच्या ओव्हनला एक कप. दुकानातून बेकिंग सोडाच आणा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं, फ्रूट सॉल्टमध्ये सायट्रिक ॲसिड. ती दोन्ही इथे वाया जातात.

१. ओव्हन थंड, प्लग बाहेर. जाळ्या, ट्रे, शीग आणि तळाचा क्रम्ब ट्रे काढून ठेवा. सुटे कण कोरड्या ब्रशने झाडून घ्या. कण ओले झाले की त्यांचा चिखल होतो, म्हणून हे आधी.

२. अर्ध्या कप सोड्यात तीन मोठे चमचे पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घाला. लेप चक्क्यासारखा घट्ट हवा. पातळ झाला तर उभ्या भिंतीवर ठरत नाही, खाली उतरून तळाशी साचतो. तसं झालं तर आणखी सोडा घाला.

३. जुन्या ब्रशने किंवा हातमोजा घालून डागांवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर द्या. तापणाऱ्या रॉडवर, दिव्यावर, पंख्याच्या जाळीवर आणि थर्मोस्टॅटच्या बारीक नळीवर लेप लागू देऊ नका. ती नळी भिंतीलगत आडवी किंवा उभी दिसते. ती वाकली तर तापमान चुकीचं दाखवलं जातं, मग केक बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो.

४. इनॅमल आणि स्टीलवर दहा-बारा तास ठेवा. मुलाम्याच्या पत्र्यावर १५-२० मिनिटांत काढा, आणि लागलं तर हेच दोन-तीनदा करा, कारण सौम्य क्षारानेही ॲल्युमिनियम रात्रभरात काळवंडतं. मेमध्ये लेप लवकर वाळतो. वाळून पांढरा पडला की काम थांबतं, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पाण्याचा हलका फवारा द्या किंवा ओलं फडकं त्यावर टाकून ठेवा. लेप आत असताना ओव्हन चालू करू नका.

५. जुन्या एटीएम कार्डाने किंवा प्लॅस्टिकच्या उलथन्याने लेप खरवडून काढा. लेप तपकिरी निघाला म्हणजे मळ सुटला. मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा, दर वेळी फडकं धुऊन.

६. शेवटी पांढुरकी साय राहते. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं तिच्यावरून फिरवा. व्हिनेगर थेट आत फवारू नका. ते सांध्यात, स्विचच्या बाजूला शिरतं.

सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत एकत्र करून फवारा, असा सल्ला फार पसरलाय. फेस बघायला छान दिसतो, पण तो नुसता कार्बन डायऑक्साइड. क्षार आणि आम्ल एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं ते जवळपास मिठासारखं पाणी. क्षार आधी, त्याला वेळ, आणि आम्ल सर्वांत शेवटी, ही उतरंड सोडू नका. झाकण लावून ठेवलेल्या बाटलीत तर त्या वायूचा दाब वाढून बाटली फुटते.

व्हिनेगर आणि लिंबाबद्दल आणखी एक. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर आम्लाचे थेंब त्याच्यावर पडू देऊ नका. दोन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. थेंब पडला की चकाकी जाऊन कायमचा डाग राहतो. ग्रॅनाइटला इतका धोका नाही. तरी ओव्हनखाली जुनं प्लॅस्टिक आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं बरं.

एका रात्रीत सगळं निघालं नाही, तर ते अपेक्षितच आहे. वर्षभराचा थर दोन किंवा तीन रात्री मागतो. सोडा करपलेला कोळसा विरघळवत नाही. तो चिकटा मऊ करतो, कडा सैल करतो आणि स्वतः मऊ असल्याने इनॅमलला न ओरबाडता घासतो. म्हणून लेपाखालचा डाग प्लॅस्टिकने कडेकडेने उचलायचा, मधोमध घासत बसायचं नाही.

जाळ्या, रॉड आणि दरवाजाची काच

स्टीलच्या किंवा क्रोम केलेल्या जाळ्यांना धुण्याचा सोडा लावा. पाच लिटर चांगल्या कढत पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा लिक्विड, दोन-तीन तास भिजवण, मग टूथब्रश. रबरी हातमोजे घाला, कारण धुण्याच्या सोड्याने हात फुटतात. जाळी टबात मावत नसेल तर बाथरूमच्या फरशीवर जुना टॉवेल अंथरून त्यात जाळी गुंडाळा आणि हे पाणी हळूहळू टॉवेलवर ओता. ओला टॉवेल टबाचं काम करतो. घरी धुण्याचा सोडा नसेल तर खायचा सोडा स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून २०० अंश सेल्सियसला तासभर भाजला की तो पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडून धुण्याचा सोडा बनतो. भाजलेला सोडा वेगळ्या बरणीत, चिठ्ठी लावून ठेवा. तो पुन्हा स्वयंपाकाला चालत नाही.

रॉडना कुठलंही द्रव लावू नका. धातूच्या नळीच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती विजेचा संपर्क तोडते, पण ओल पटकन शोषते. ओल शिरली की विजेची गळती होऊन घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. सफाईनंतर पहिल्यांदा ओव्हन लावला आणि घरभर वीज गेली, याचं नेहमीचं कारण हेच. तो पुन्हा पुन्हा वर ढकलू नका. प्लग काढून ओव्हन उघडा ठेवून एक दिवस वाळू द्या, आणि तरीही पडला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. रॉडवरचा मळ ओव्हन रिकामा दहा मिनिटं तापवला की जळून जातो. तारेच्या घासणीचे तुकडे रॉडच्या टोकांपाशी अडकून शॉर्ट होतो, म्हणून ती घासणी ओव्हनच्या आत नेऊच नये.

काच टफन्ड असते. ओरखडा पडला की ती त्या जागी कमकुवत होते आणि तापल्यावर कधीतरी अचानक चुरा होऊन कोसळते. ब्लेड, सुरी, सँडपेपर नको. सोड्याचा लेप अर्धा तास, मग नायलॉनची घासणी. गरम काचेवर गार पाण्याचं फडकंही ठेवू नका.

मायक्रोवेव्हला वाफ पुरते

मायक्रोवेव्हच्या आत रंगाचा किंवा पातळ इनॅमलचा थर असतो आणि उजव्या भिंतीवर बहुधा अभ्रकाचा चौकोनी पत्रा. त्यामागून लहरी आत येतात. त्या अभ्रकावर क्लीनर किंवा तेल राहिलं की तिथेच ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह असला तरी नियम हाच.

काचेच्या मोठ्या वाडग्यात २५० मिली पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळून सालासकट, आणि एक लाकडी चमचा उभा. चमचा हवाच. गुळगुळीत भांड्यातलं पाणी उकळी न फुटता १०० अंशांच्या पुढे जातं आणि हलवलं की एकदम उसळून हात भाजतो. पूर्ण पॉवरवर चार मिनिटं, मग दार न उघडता दहा मिनिटं. खरं काम या दहा मिनिटांत वाफ करते. वाडगा जपून काढा, मऊ फडक्याने छत, भिंती, दाराच्या कडा पुसा. अभ्रक नुसतं पिळलेल्या फडक्याने टिपा. ते जळून भोक पडलेलं असेल तर बदलून घ्या. तोवर मायक्रोवेव्ह लावू नका.

स्प्रे वापरायचाच असेल तर

इनॅमलचा ओव्हन, वर्षानुवर्षांचा थर, सोडा तीन रात्री हरला: अशा वेळी क्लीनर वापरायला हरकत नाही. आधी लेबल. लाल चौकटीच्या चौकोनात हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवलेलं चित्र असेल, तर ते कातडी जाळणारं रसायन. घटकांमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा मोनोइथेनॉलमाइन हे शब्द शोधा. ‘फ्युम फ्री’, ‘नॅचरल’, ‘नॉन-टॉक्सिक’ असल्या शब्दांवर विसंबू नका. फ्युम फ्री डब्यांतही वरच्यांपैकी एखादं असू शकतं, फक्त वास कमी येतो. घटकच लिहिलेले नसतील तर तो डबा घेऊच नका. हार्डवेअरच्या दुकानातला सुटा कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून घरी क्लीनर बनवू नका. विरघळताना तो इतका तापतो की पाणी उसळून तोंडावर येतं.

फवाऱ्याच्या डब्यात दाब देण्यासाठी बहुधा ब्युटेन-प्रोपेन असतात, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचे. म्हणून शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. स्वयंपाकघरात देवघर असेल तर निरांजन, समई, उदबत्ती शांत झालेली हवी. हे विसरलं जातं, कारण ओव्हन साफ करताना देवाकडे कोणाचं लक्ष नसतं. एक्झॉस्ट पंखा फवारण्याआधीच सुरू करा, खिडक्या उघडा. लहान मुलं, दमा असलेली माणसं, मांजर, पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या खोलीत, दार लावून.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा. ओढणी, पदर खोचलेला. बांगड्या काढलेल्या, नाहीतर हातमोजा फाटतो. हातमोजे कोपरापर्यंतचे रबरी किंवा जाड नायट्राइलचे, दवाखान्यातले पातळ नकोत. बाह्या मोज्यांच्या वर आणा, म्हणजे थेंब आत ओघळत नाही. डोळ्यांना बाजूंनी बंद गॉगल. चष्मा पुरत नाही, कारण थेंब खालून उडतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. मास्कने बारीक तुषार अडतात, वास आणि वाफ अडत नाही; मास्क घातला म्हणून खिडकी लावून घेऊ नका.

रॉड, दिवा, पंखा झाकायला ॲल्युमिनियम फॉइल वापरा, असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. कॉस्टिक फॉइल खातो. क्लिंग फिल्म किंवा प्लॅस्टिकची पिशवी मास्किंग टेपने चिकटवा. दाराभोवतीच्या रबरी किंवा विणलेल्या गॅसकेटलाही टेप लावा.

ओव्हन थंड हवा, किंवा लेबलवर कोमट सांगितलं असेल तर तेवढाच. जास्त गरम भिंतीवर क्लीनर लगेच वाळतो, आणि वर आलेली वाफ थेट तोंडावर येते. अंतर एक वीत ठेवून, भिंती आणि तळ यांच्यावर पातळ फवारा द्या. छतावर फवारू नका. ते ठिबकून मनगटावर येतं. छतासाठी स्पंजवर फेस घेऊन फिरवा. दार लावा, लेबलवरची वेळ घड्याळात लावा आणि खोलीबाहेर जा. जास्त वेळ ठेवल्याने जास्त साफ होत नाही. उलट वाळलेला कॉस्टिक काढणं अवघड होतं आणि काठावरचा रंग फुगतो.

पुसताना आधी कागद किंवा टाकाऊ सुती फडकी, मग ओलं फडकं किमान पाच वेळा, दर वेळी नवं पाणी. ते पाणी ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीवर, ट्रॉलीच्या पट्ट्यांवर सांडू देऊ नका. शेवटी एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाण्याने पुसा, पुन्हा साध्या पाण्याने.

क्षार उरलाय का हे बोटाने तपासू नका. त्यासाठी स्वयंपाकघरातच हळद आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तसंच कॉस्टिकनेही होतं. पांढरा टिश्यू साध्या पाण्यात भिजवून ओव्हनच्या भिंतीवर, कोपऱ्यात आणि दाराच्या खालच्या काठावर घासा, मग त्यावर चिमूटभर हळद टाका. पिवळीच राहिली तर ठीक. लालसर तपकिरी झाली तर पुन्हा पुसा. कोपरे आणि सांधे हमखास लाल येतात. हळद पिवळी राहिल्यावर टेप-प्लॅस्टिक काढा, आतला भाग पूर्ण वाळू द्या, आणि खिडक्या उघड्या ठेवून ओव्हन रिकामा १५० अंशांवर २० मिनिटं चालवा. वास आला तर बंद करून, थंड करून आणखी एकदा पुसा. त्यानंतरच अन्न.

हे कशातच मिसळू नका

ओव्हन क्लीनर लावलेल्या जागी संडास साफ करायचं ॲसिड, लादी पुसायचं ब्लीच, दुसरा कुठलाही क्लीनर नको. तीव्र क्षार आणि तीव्र आम्ल भेटले की उष्णतेने उकळून उडतात. ब्लीच आणि ॲसिड भेटले तर क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया भेटले तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना इजा करतात. एका बादलीत, एका फडक्याने, एकाच सकाळी बाथरूम आणि ओव्हन साफ करण्याचा बेत म्हणूनच टाळा.

अंगावर उडालं तर

आम्लाने भाजलं की लगेच झोंबतं. कॉस्टिक सुरुवातीला नुसता बुळबुळीत लागतो आणि तेवढ्यात खोल उतरतो. ओव्हनमधल्या तेलाचं तो जे करतो तेच कातडीखालच्या चरबीचं करतो. दुखत नाही म्हणून थांबू नका. भिजलेले कपडे, मोजे, अंगठी काढा आणि वाहत्या नळाखाली किमान २० मिनिटं धरा. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. आम्ल लावून क्षार मारायला गेलं की जखमेवरच उष्णता तयार होते.

डोळ्यात गेलं तर एकेक सेकंद मोलाचा. पापण्या बोटांनी उघड्या धरून कोमट किंवा साध्या पाण्याची संथ धार, २० ते ३० मिनिटं, डोकं त्या बाजूला कलतं ठेवून, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा. धुणं झाल्यावर थेट नेत्रतज्ज्ञ, बरं वाटलं तरी.

पोटात गेलं तर उलटी करवू नका. जाताना जाळत गेलेलं येताना पुन्हा जाळतं. तोंड धुऊन घ्या, डबा बरोबर घ्या आणि हॉस्पिटल गाठा. भारतात ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेबाबत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२, ब्रिटनमध्ये १११, आणि प्रकृती गंभीर असेल तर ९९९.

परदेशातल्या घरांसाठी

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या भाड्याच्या घरात मोठा ओव्हन आधीच बसवलेला असतो आणि घर सोडताना तो स्वच्छ हवा म्हणून शेवटच्या दिवशी घाईत स्प्रे मारला जातो. त्याऐवजी दोन रात्री आधी सोड्याचा लेप लावा. ओव्हनला सेल्फ-क्लीन म्हणजे पायरोलिटिक सोय असेल, तर आतलं तापमान ४५० ते ५०० अंशांपर्यंत जातं आणि मळाची राख होते. त्याआधी तळाचं सुटं तेल पुसून घ्या, नाहीतर धुराने घर भरतं आणि अलार्म वाजतो. जाळ्या काढा, त्या काळवंडतात. अशा ओव्हनच्या आत क्लीनर लावू नका. उरलेला कॉस्टिक त्या तापमानाला इनॅमल खातो. घरात पोपट किंवा बजरी असतील, तर हा कार्यक्रम चालू असताना त्यांना घराबाहेर ठेवा. अति तापलेल्या नॉनस्टिक लेपाच्या धुराने पक्षी मिनिटांत दगावतात. विकतचा सौम्य क्लीनर हवा असेल, तर अमेरिकेत सेफर चॉइस आणि युरोपात ईयू इकोलेबल ही चिन्हं डब्यावर पाहा. या दोन्ही चिन्हांसाठी घटक तपासले जातात.

डबा कोणाच्या हातात जातो

पुष्कळ घरांत ओव्हन साफ करण्याचं काम घरकामाला येणाऱ्या ताईंकडे असतं. डब्यावरचा मजकूर इंग्रजीत असतो, बहुधा बारीक अक्षरांत. डबा आणि कपडा हातात देऊन ‘जरा ओव्हन पुसून घ्या’ म्हणणं फार चुकीचं आहे. कातडी त्यांची जाते आणि कारण त्यांना कळतही नाही. सोड्याचा लेप खुशाल सांगा. कॉस्टिकचं काम मात्र घरातल्याच माणसाने, लेबल वाचून करावं. त्यांनीच करायचं ठरलं तर हातमोजे आणि गॉगल तुम्ही द्या, काय मिसळायचं नाही आणि अंगावर उडालं तर काय करायचं ते मराठीत, समोर उभं राहून सांगा, आणि काम संपेपर्यंत घरी थांबा.

उरलेला क्लीनर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. तहानलेलं मूल रंग बघून बाटली उचलतं. मूळ डबा, झाकण घट्ट, मुलांच्या हाताबाहेरच्या कुलूपबंद कपाटात, शेगडी आणि उन्हापासून लांब. ५० अंशांपुढे दाबाचा डबा फुटू शकतो. सिंकखालचं कपाट यासाठी सगळ्यांत वाईट जागा, कारण रांगणाऱ्या बाळाच्या ती उंचीचीच असते. रिकामा डबा भोसकू नका, जाळू नका. तो घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्या, आणि कचरा उचलणाऱ्याला तो कशाचा आहे ते सांगा.